'औदुंबर'च्या मात्रा जुळत का नाहीत?

पिंपळपान

चार दिवस झाले, बालकवींच्या 'औदुंबर'ची एकेक ओळ वहीत मांडून मोजते आहे. कविता आठच ओळींची. मनात म्हटली की कुठेही ठेच लागत नाही, पाण्यासारखी वाहते. पण कागदावर मोजायला घेतली की हिशेब लागत नाही. माझ्याकडच्या प्रतीत ती अशी आहे:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटातून
चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे
पायवाट पांढरी तयातून अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधून चालली काळ्या डोहाकडे
झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

आधी अक्षरं मोजली. क्रमाने १९, १६, १८, १७, १९, १८, १८, १८ आली. गण, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, पाडून पाहिले, तर पहिल्या ओळीचे दुसरीशीच जुळेनात. मग लघूला एक आणि गुरूला दोन धरून मात्रा मोजल्या. त्या आल्या २७, २७, २७, २८, २८, २९, २६, २६. म्हणजे जवळपास आहेत, पण सारख्या नाहीत.

बालकवींनी इथे वृत्त सैल सोडलं आहे, असं मला मनापासून वाटत नाही. कानाला एवढी नेमकी लागणारी कविता मोजमापात अशी ढिली कशी असेल? चूक माझ्या मोजण्यात असणार. कुठे आहे ते कुणी दाखवाल का? यमकांबद्दल आणि शब्दांच्या पुनरुक्तीबद्दलही बोलायचं आहे, पण आधी हे सुटू दे.

लगावली

पिंपळपान ताई, तुम्ही नीट मांडून विचारलंत म्हणून नीटच उत्तर देतो.

गण पाडणं आधी सोडा. गण अक्षरगणवृत्तात पाडायचे. समर्थांच्या मनाच्या श्लोकांचं भुजंगप्रयात घ्या. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे' यात लघु-गुरु-गुरु हा य गण चार वेळा येतो. बारा अक्षरं, आणि कितव्या जागी लघु, कितव्या जागी गुरु हे ठरलेलं. २०५ श्लोकांत हाच साचा. 'औदुंबर' मात्रावृत्तातली आहे. इथे अक्षरांची संख्या मोकळी असते, एकूण वजन बांधलेलं असतं. म्हणून तुमच्या पहिल्या ओळीत १९ अक्षरं आणि दुसरीत १६ असूनही मात्रा दोन्हीकडे सारख्याच आल्या. पहिलीत 'तटावर'सारखी सुटी लघु अक्षरं भरपूर आहेत, दुसरीत 'बेटाबेटा'सारखे सलग गुरु आहेत. यात बिघाड काहीच नाही, वृत्त चाललंय तसंच चालायला हवं.

आता तुमच्या २८ आणि २९ कडे वळू. 'शेतमळ्यांची' मधला 'म' तुम्ही गुरु धरलात ना? आणि 'हिरव्या' मधला 'र'?

पिंपळपान

हो, दोन्ही गुरु धरले. पुढे जोडाक्षर आलं की आधीचं अक्षर गुरु, असंच शिकले होते.

लगावली

अर्धाच नियम शिकवला जातो, त्याचा हा परिणाम. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडत असेल तरच ते गुरु होतं. आघात नसेल तर लघुच राहतं. मोठ्याने म्हणून पाहा. 'कन्या' म्हणताना 'क' वर जीभ अडते, न् दाबला जातो. 'मळ्या' म्हणताना तसं होत नाही, 'म' हलकाच राहतो आणि 'ळ्या' एका झटक्यात येतो. 'तुझ्या', 'दुसऱ्या', 'हिरव्या' सगळे या दुसऱ्या गटातले.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण 'दिव्य' आणि 'दिव्याचा उजेड'. लिहायला 'दिव्या' सारखंच आहे. पण 'दिव्य' मध्ये 'दि' गुरु आणि तेलाच्या 'दिव्याचा' मध्ये 'दि' लघु. डोळ्याने पाहून हा फरक सापडणार नाही, उच्चार करूनच सापडतो.

त्यामुळे 'शेतमळ्यांची' म्हणजे २+१+१+२+२, आठ. तुमची चौथी ओळ २८ वरून २७ वर आली. 'हिरव्या' चार, म्हणून सहावी २९ वरून २८ वर.

पिंपळपान

फार आभार. 'दिव्या'चं उदाहरण आता विसरणार नाही. म्हणजे आता २७, २७, २७, २७, २८, २८, २६, २६. चार ओळी जुळल्या. पाचवी-सहावीत एक जास्त आणि शेवटच्या दोनांत एक कमी उरलं.

शंकेखोर

मला एक प्रश्न पडतो. आघात आहे की नाही हे आपणच ठरवणार असू, तर कुठलीही ओळ हव्या त्या बेरजेत बसवता येईल. जिथे जास्त भरलं तिथे 'आघात नाही' म्हणायचं. मग मोजण्याला अर्थ काय राहिला?

लगावली

शंका रास्त आहे. पण आघात कवितेपुरता ठरत नाही, तो भाषेतला असतो. 'हिरव्या' तुम्ही भाजीबद्दल बोलताना जसं म्हणता तसंच कवितेतही म्हणता. बेरीज बसावी म्हणून 'कन्या'तला 'क' मी लघु धरायला लागलो, तर मराठी बोलणारा कुणीही मला तिथल्या तिथे थांबवेल. सोय म्हणून धरलेलं आणि उच्चारात असलेलं, यात एवढा फरक आहे.

मुद्रितशोधक

उरलेल्या दोन मात्रांचं उत्तर माझ्या कामात आहे, म्हणून लिहितो. मी बरीच वर्षं पुस्तकांची मुद्रितं तपासतो.

ताई, तुमची प्रत आजच्या लेखननियमांप्रमाणे 'शुद्ध' केलेली आहे. जुन्या छपाईत या ओळी अशा आहेत:

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटातुन.
चार घरांचे गांव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे.
पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे.
झांकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

'तयातून' सहा मात्रांचा, 'तयांतुनि' पाच मात्रांचा. 'कुरणामधून' आठ, 'कुरणामधुनि' सात. पाचव्या आणि सहाव्या ओळीतली जास्तीची एकेक मात्रा कवीची नाहीच. ती नंतर छापणाऱ्यांनी घातली आहे.

हे का होतं तेही सांगतो. शब्दाच्या शेवटी अकारान्त अक्षर असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा आपला नियम. म्हणून गद्यात 'घेऊन', 'तून', 'मधून'. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम आले, १९७२ साली आणखी चार. त्यांतच असं ठरलं की केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळानुसार छापावं आणि केशवसुतांसकट पुढचं लेखन नव्या नियमांनी छापावं. बालकवींचा काळ १८९० ते १९१८, म्हणजे ते नव्या नियमांच्या बाजूला पडले. अनुस्वार गेल्याने वृत्ताचं काही बिघडलं नाही. 'सांवळा' काय, 'सावळा' काय, पहिलं अक्षर गुरुच. पण त्याच ओघात कुणी ऱ्हस्व उकारही दीर्घ केले, तर कवितेचा पाय मुरगळतो. खरं तर वृत्ताच्या बंधनामुळे ऱ्हस्व-दीर्घाचे नियम काटेकोर पाळता येत नसतील तिथे कवीला मोकळीक आहे, हेही त्याच नियमांत लिहिलेलं आहे. ते कलम मात्र फारसं कुणी उघडत नाही.

मी स्वतःही उघडलं नव्हतं. कामाला लागलो त्या काळात एका जुन्या कवितासंग्रहाचं मुद्रित माझ्याकडे आलं. कितीतरी 'तुन' आणि 'उनि' मी लाल शाईने नीट केले आणि चोख काम झालं म्हणून समाधानाने परत पाठवले. ते पुस्तक तसंच छापलं गेलं. त्याची आठवण आली की अजून चुटपुट लागते.

रानवाट

वाचून अंगावर काटा आला. मी पाठ्यपुस्तकाबाहेरच्या कविता फोनवरच वाचते, आणि तिथे बहुतेक सगळीकडे दीर्घच दिसतं.

'गरदी' बद्दल विचारायचं आहे. 'गर्दी'चं 'गरदी' केलं ते मात्रा भरायलाच ना?

लगावली

तसं वाटतं, पण मोजून पाहा. 'गर्दी' मध्ये 'ग' वर आघात आहे, म्हणून तो गुरु: २+२, चार. 'गरदी' म्हणजे १+१+२, तेही चार. मात्रा तेवढ्याच राहिल्या.

म्हणजे गरज वृत्ताची नव्हती, कानाची होती. 'हिरवी' हा शब्द १+१+२ असा आहे, आणि त्याला लागून 'गरदी' सुद्धा १+१+२. 'हिरवी गरदी' एका चालीत पुढे सरकतं. 'हिरवी गर्दी' म्हटलं की दुसऱ्या शब्दाला जीभ अडखळते. झाडांची ती दाटी मऊ ठेवायची होती, असं माझं वाचन. मात्रा सारख्या असूनही कवी दोन रूपांतलं एक निवडतो, तेव्हा ती निवड जास्त बोलते. तिथे सक्तीचं कारण उरलेलं नसतं.

पिंपळपान

मुद्रितशोधक काका, तुम्ही जे कबूल केलंत ते वाचून मला आधी वाईट वाटलं आणि मग धीर आला. मोजणारी मी एकटीच चुकत नव्हते.

पण आता नवीच अडचण. जुन्या पाठाने मोजलं तर 'घेउन' आणि 'बेटातुन' मध्येही एकेक मात्रा कमी होते. माझा नवा हिशेब:

२६, २६, २७, २७, २७, २७, २६, २६.

दोन्ही टोकांना २६ च्या जोड्या आणि मध्ये २७ च्या चार. वहीत हे उतरवलं तेव्हा मी बराच वेळ नुसती बघत बसले. हे आपोआप होईल का? की 'घेऊन' आणि 'बेटातून' हेच बरोबर? त्याने त्या दोन ओळी तरी २७ च्या होतात.

टाळचिपळ्या

मी कधी मोजत नाही, टाळावर म्हणतो. म्हणून टाळाच्या बाजूने सांगतो.

प्रत्येक ओळ आठ-आठ-आठ आणि वर तीन अशी पडते. आठ मात्रांच्या या आवर्तनाला माधव जूलियनांनी पद्मावर्तन म्हटलं. म्हणून पाहा:

ऐल तटावर । पैल तटावर । हिरवाळी घे । उन
चार घरांचे । गांव चिमुकले । पैल टेकडी । कडे
पाय टाकुनी । जळांत बसला । असला औदुं । बर

शेवटचा तुकडा बघा. मधल्या चार ओळींत तो 'कडे', 'पुढे', 'पडे', 'कडे' आहे: लघु-गुरु, तीन मात्रा. टोकांच्या चार ओळींत 'उन', 'तुन', 'वर', 'बर': लघु-लघु, कागदावर दोनच मात्रा. पण कुणीही ही कविता म्हणताना 'औदुंबर' वर झटकन तोंड मिटत नाही. 'औदुंबरऽ' असा शेवटचा स्वर ओढतोच. ओळीच्या शेवटचा लघु गुरु धरायची सवलत पूर्वीपासूनची आहे. ती धरली की आठही ओळींचा शेवट लघु-गुरु होतो आणि आठही ओळी २७ च्या होतात.

आता 'घेऊन' घालून बघा. बेरीज २७ भरेल, पण तुकडा 'ऊन' म्हणजे गुरु-लघु झाला, उलटा. टाळ पडायचा तिथे पाय पडत नाही. बेरीज बरोबर येऊनही चाल बिघडते, ती अशी.

लगावली

याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. पिंपळपान ताई, तुमच्या २६-२७ च्या आकृतीला या उत्तराने बाध येत नाही. वजन सगळीकडे २७ आहे, पण टोकांच्या चार ओळींत ती शेवटची मात्रा शब्दात नाही, म्हणणाऱ्याच्या श्वासात आहे. मधल्या ओळी शब्दानेच पुऱ्या होतात.

रानवाट

तर मग यमकही तसंच वागतंय! टोकांना 'घेउन–बेटातुन' आणि 'लाटांवर–औदुंबर', शेवट न आणि र या व्यंजनांवर. मध्ये चारही ओळी ए वर उघड्या: टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे. दोन-दोन ओळींचं यमक म्हणून सुरू होतं, पण मधल्या दोन जोड्या मिसळून चार ओळींचा एकच पट्टा होतो.

आणि त्या ओळींत आहे काय ते बघा. पहिल्या दोन ओळी झऱ्याच्या, शेवटच्या दोन डोहाच्या. मधल्या चार जमिनीच्या: गाव, टेकडी, शेतमळे, पायवाट, कुरण. पाणी, जमीन, पाणी. ऐल तटावर आणि पैल तटावर पाणी ठेवून कवितेने मध्ये बेट केलंय.

शंकेखोर

हे मला पटलं, कारण हे कुणालाही मोजून तपासता येतं. यमकाच्या बाबतीत मात्र एक नोंद करतो. 'कडे–पुढे' हे काटेकोर यमक नाही. ड आणि ढ वेगळे, त्याआधीचा स्वरही अ आणि उ. 'पडे–कडे' पुरतं जुळतं. आणि 'टेकडीकडे', 'डोहाकडे' यांत 'कडे' हाच प्रत्यय दोनदा आला आहे. एखाद्या नवोदिताच्या कवितेत हे दिसलं असतं तर आपण सगळ्यांनी मिळून दोष काढला असता. बालकवी म्हणून आपण माफ करतो आहोत का?

रानवाट

मी माफ करत नाहीये, मला ते मनापासून आवडतं. 'पैल टेकडीकडे' म्हटल्यावर नजर वर, दूर जाते. तीन ओळींनी 'काळ्या डोहाकडे' म्हटल्यावर तीच नजर खाली येते. प्रत्यय तोच, दिशा उलटी. वेगळा शब्द आणून यमक साधलं असतं तर हे वळण कानाला कळलं नसतं.

आणि 'टेकडीकडे' हा शब्दच बघा ना, 'कडी-कडे'. स्वतःशीच अर्धं यमक आहे त्याच्यात.

शंकेखोर

वर-खाली हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. मान्य. 'पुढे' बद्दलचं माझं मत मात्र कायम आहे, ते यमक सैल आहे.

लगावली

सैल आहेच, ते मलाही मान्य.

पिंपळपान

आज सुट्टी होती. टाळचिपळ्यांनी सांगितलं तसे आठ-आठवर उभे दंड टाकत सगळी कविता पुन्हा लिहिली. एक गोष्ट दिसली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

शेवटचा तीन मात्रांचा तुकडा बाजूला ठेवला तर प्रत्येक ओळीत दोन दंड येतात, आठ ओळींत सोळा. या सोळांपैकी चौदा दंड बरोबर दोन शब्दांच्या मध्ये पडतात. एक पडतो 'कुरणा । मधुनि' असा, पण तिथे शब्दाचा सांधाच आहे. उरला एकच दंड, जो शब्दाच्या ऐन मधून जातो:

पायवाट पां । ढरी तयांतुनि । अडवीतिडवी । पडे

पायवाटेची ओळ! बाकी सगळं सरळ रांगेत चाललेलं असताना, जिथे वाट अडवीतिडवी पडते तिथेच शब्द तालाला ओलांडून वाकडा जातो.

शिवाय आठ मात्रांचे तुकडे आतून पाहिले तर तीन अधिक पाच हा घाट फार वेळा येतो: ऐल तटावर, पैल तटावर, झरा वाहतो, चार घरांचे, गांव चिमुकले, पैल टेकडी, दाट लागली, मधुनि चालली, गोड काळिमा, पाय टाकुनी. 'निळा-सांवळा' आणि 'शेत-मळ्यांची' हे सामासिक शब्द धरले तर बारा. प्रत्येक ओळीत निदान एक तरी. फक्त पाचव्या ओळीत असा स्वच्छ तुकडा एकही नाही. 'ढरी तयांतुनि' हिशेबाने तीन-पाच आहे, पण ते 'ढरी' म्हणजे तुटलेलंच.

हे मी ओढूनताणून काढतेय का?

शंकेखोर

मोजणी मी पडताळली, बरोबर आहे. पण 'म्हणून कवीने तसं केलं' असं म्हणायला मी तयार नाही. कुठल्याही आठ ओळींत एक ओळ बाकीच्यांहून वेगळी निघणारच. ती पायवाटेची निघाली म्हणून आपल्याला आनंद झाला. 'दाट गरदी'ची निघाली असती तर आपण म्हटलं असतं, बघा, झाडीत शब्द अडकला.

टाळचिपळ्या

कवीने ठरवलं की नाही ते मला सांगता येणार नाही. पण म्हणणाऱ्याला काय होतं ते सांगतो. चार ओळी सलग 'धा' वर, म्हणजे समेच्या ठोक्यावर, शब्द सुरू होतो, कान त्याला सरावतो. पाचव्या ओळीत 'पांढरी' वर सम शब्दाच्या पोटात येते. तिथे आवाज आपसूक वळसा घेतो. मी ही कविता कित्येकदा म्हटली आहे आणि त्या जागी दरवेळी थोडा सावध होतो. कारण आज कळलं.

लगावली

शंकेखोर आणि टाळचिपळ्या दोघंही बरोबर आहेत आणि दोघं वेगवेगळ्या गोष्टी बोलताहेत. हेतू सिद्ध होत नाही, परिणाम होतो. मी परिणामावर थांबतो.

रानवाट

आता पुनरुक्तीचं. मी शब्दांच्या याद्या केल्या.

'हिरवाळी', 'हिरवी', 'हिरव्या': तीनदा, पहिल्या, चौथ्या आणि सहाव्या ओळीत. मग सहाव्याच ओळीच्या दुसऱ्या अर्ध्यात 'काळ्या' येतं आणि सातवीत 'काळिमा'. हिरवा संपतो आणि काळा सुरू होतो तो एकाच ओळीत: 'हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे'. त्यानंतर हिरवा पुन्हा येत नाही.

दुसरं म्हणजे ळ. हिरवाळी, निळा, सांवळा, मळ्यांची, काळ्या, झांकळुनी, जळ, काळिमा, जळांत. एकूण नऊ. त्यातले तीन एकट्या सातव्या ओळीत: 'झांकळुनी जळ गोड काळिमा'. आणि ड-ढ बघा: टेकडी, कडे, पुढे, पांढरी, अडवीतिडवी, पडे, डोहाकडे. जवळजवळ सगळे मधल्या चार ओळींत. अपवाद सातवीतल्या 'गोड'चा. पाण्याकडे ळ, जमिनीकडे ड. आणि 'काळ्या डोहाकडे' मध्ये, वाट पाण्याला टेकते तिथे, दोन्ही एकत्र.

अक्षर नुसतं मोजून हे हाती लागलं असतं का, ठाऊक नाही. सातवी ओळ चार वेळा मोठ्याने म्हटली तेव्हा जीभ टाळ्याला सारखी वळून लागतेय हे जाणवलं, आणि मग मोजायला बसले.

मुद्रितशोधक

यात माझी एक भर. 'पायवाट' आणि 'पाय टाकुनी'. पाचव्या ओळीत वाट निघते, सहाव्या ओळीत डोहाशी संपते, आणि आठव्या ओळीत पाय पाण्यात टाकलेले दिसतात, ते माणसाचे नाहीत, झाडाचे. अख्ख्या कवितेत माणूस एकही नाही. घरं आहेत, मळे आहेत, वाट आहे, म्हणजे माणसाच्या खुणा सगळ्या आहेत. पाय मात्र औदुंबराला.

शंकेखोर

'पायवाट' म्हणताना त्यातला 'पाय' कुणाला वेगळा ऐकू येत नाही. रूढ शब्द आहे तो. माणूस नाही हे निरीक्षण मात्र मोठं आहे, ते 'पाय'च्या आधाराशिवायही उभं राहतं.

मुद्रितशोधक

एरवी ऐकू येत नाही, खरं आहे. आठव्या ओळीनंतर पहिल्यापासून पुन्हा वाचली की येतो.

लगावली

शेवटच्या ओळीकडे अजून कुणी वळलं नाही, म्हणून लिहितो. पिंपळपान ताईंनी काढलेला तीन-पाचचा घाट तिथे पहिल्या तुकड्यात आहे: पाय टाकुनी. त्यानंतर मात्र 'जळांत बसला', 'असला औदुं', दोन्ही चार-चार. तीन-पाचमध्ये एक झोका असतो, चार-चार सम पडतं, बसतं. 'बसला' हा शब्द येतो तिथेच लयही बसते.

आणि 'बसला असला'. ब-सला, अ-सला. ओळीच्या आत, लागून आलेल्या दोन शब्दांत एवढं पुरं यमक पहिल्या सात ओळींत 'अडवीतिडवी' सोडून कुठे नाही. 'अडवीतिडवी' भाषेनेच बनवून दिलेली जोडी, ही कवीची स्वतःची. 'असला' म्हणजे 'अशा प्रकारचा'. पण 'बसला असला' असं लागोपाठ ऐकताना 'बसलेला असावा' अशीही छाया क्षणभर पडते. मात्रा भरायला चार मात्रांचा एखादा शब्द हवा होता हे खरं. पण विशेषण म्हणून 'हिरवा' चालला असता, 'मोठा' चालला असता. दोन्ही चार मात्रांचे. त्यांनी 'असला' घेतला, म्हणजे झाडाचं वर्णन न करता आधीच्या सात ओळींकडे बोट दाखवलं.

टाळचिपळ्या

'पाय टाकुनी जळांत बसला हिरवा औदुंबर'. म्हणून पाहिलं. ताल अचूक आहे आणि कविता गेली.

रानवाट

हो. आणि हिरवा परत आला असता, तो सहाव्या ओळीतच संपायला हवा.

पिंपळपान

काल आईला विचारलं, ही कविता येते का. तिने लहानपणी पाठ केलेली, पुस्तक कित्येक वर्षांत पाहिलेलं नाही. ती भाजी निवडत होती, हात न थांबवता म्हणू लागली. मी वही उघडून तिच्या प्रत्येक शब्दावर बोट ठेवत गेले. 'घेउनऽ' म्हणाली, ऱ्हस्व, आणि न ओढला. 'तयांतुनि' म्हणाली. 'मधुनि' म्हणाली. 'गरदी' म्हणाली. 'पांढरी' वर आवाज किंचित हलला, किंवा मी वाट पाहत होते म्हणून मला तसं वाटलं. शेवटी 'औदुंबरऽ' म्हणून थांबली आणि विचारलं, कशाला हवी होती?

मी माझ्या वहीतली पहिली प्रत खोडली नाही. तिच्या शेजारी जुना पाठ दंड टाकून लिहिला आहे.

मुद्रितशोधक

ताई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

आज मीही तो संग्रह कपाटातून काढला, ज्याचं मी वर लिहिलं होतं. माझ्याकडे त्याची एकच प्रत आहे. बसून एकेक कविता टाळ धरून म्हटली आणि जिथे पाय अडला तिथे पेन्सिलीने उकार ऱ्हस्व केला. बारा जागा सापडल्या. अजून निम्मं पुस्तक व्हायचं आहे.